अदाक, अझाक, आयाक

इस्तंबूलमध्ये बायेझीत मशिदीच्या अंगाला जुन्या पुस्तकांचा एक लहानसा बाजार आहे. काही वर्षांपूर्वी त्या बाजाराच्या दगडी पायऱ्यांवर माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. परक्या शहरात चप्पल तुटली की माणूस एकदम केविलवाणा होतो. आजूबाजूचं सगळं वैभव जागच्या जागी असतं, पण आपली नजर जमिनीवरच. एक पाय फरफटवत दोन गल्ल्या ओलांडल्या तेव्हा जोडे शिवणारा एक म्हातारा सापडला. त्याने चप्पल उलटसुलट केली, तळाचं कातडं नखाने टोकरलं, नाकाशीही नेलं. वास ओळखीचा वाटला की नकोसा, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग समोरच्या लाकडी खोक्यावर थाप मारून माझ्या पायाकडे बोट दाखवत म्हणाला, ‘आयाक.’

मी पाय खोक्यावर ठेवला. अंगठा कुठवर यायला हवा ते त्याने बोटांनी मोजलं आणि मेण ओढलेल्या जाड काळ्या दोऱ्याने सहा टाके घातले. तपकिरी चपलेवर ते काळे टाके अजून तसेच दिसतात. पैसे त्याने चांगले व्यवस्थित घेतले. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा होतो, तेवढ्यात खिशातल्या वहीत लिहून ठेवलं: आयाक, म्हणजे पाय.

वहीची सवय धंद्यातली. माझं आयुष्य छापखान्यांत मुद्रितं तपासण्यात गेलं. आधी खिळ्यांच्या जमान्यात शाईने माखलेल्या गॅल्या, पुढे संगणकावरचे पांढरेशुभ्र ताव. हातात लाल पेन दोन्हीकडे तेच. या कामात डोळ्याला एक खोड लागते. शब्दाचा अर्थ नंतर दिसतो, आधी अक्षर दिसतं. कुठलं अक्षर कुठल्या जागी येऊन बसलंय, आणि ते तिथे एकदाच बसलंय की दर पानावर तिथेच बसतंय, हे बघितल्यावाचून चैन पडत नाही.

पुण्याला परतल्यावर त्या ‘आयाक’चा माग काढला आणि वहीची चार पानं भरली. तुर्कस्तानात आणि कझाकांकडे पाय म्हणजे आयाक. सायबेरियात येनिसेईच्या वरच्या अंगाला राहणारे खाकास लोक म्हणतात अझाख. त्यांच्याही पलीकडे, लेना नदीकाठचे साखा, ज्यांना जग याकुत म्हणून ओळखतं, ते म्हणतात अताख. इराणात तेहरानच्या नैऋत्येला खलज नावाच्या लोकांची काही खेडी आहेत, तिथे हदाक. आणि व्होल्गाकाठच्या चुवाश लोकांकडे पाय म्हणजे उरा. मंगोलियातल्या दगडांवर जे सर्वांत जुनं तुर्की लिखाण सापडतं, त्यात आहे अदाक. तुर्की भाषांची गटवारी करताना अभ्यासक ज्या मोजक्या शब्दांना कौल लावतात, त्यात हा पाय असतोच. मधल्या अक्षराला द, झ, त, य की र, एवढं ऐकून बोलणारा कुठल्या घरचा ते सांगता येतं.

फिरतं आयुष्य काढलेल्या लोकांची वंशावळ पायावरून लावावी, यात मला गंमत वाटली.

पुढे कळलं, की ज्या बाजाराच्या पायरीवर चप्पल तुटली तिथेच या सगळ्या उद्योगाचं मूळ पुस्तक सापडलं होतं. ‘दिवान लुगात अत-तुर्क’, म्हणजे तुर्कांच्या बोलींचा कोश. तो रचला काश्गरच्या महमूदने, 1070 च्या दशकात, बगदादमध्ये, अरबीत, आणि वाहिला अब्बासी खलिफाला. हेतू साधा होता. तुर्क आता राज्य करत होते, तेव्हा अरबांनी त्यांची भाषा शिकलेली बरी. पण महमूदचा कान राजकारणाच्या पुढे गेला. आपण तुर्कांची शहरं आणि माळरानं पायाखाली घातली, असं तो स्वतः सांगतो, आणि नोंदी वाचताना ते पटतं. चिगिल लोक अदाक म्हणतात, त्यातला द जरा जिभेच्या टोकाचा, दातांत निसटणारा. बुल्गार आणि सुवार त्या जागी झ करतात, अझाक. यग्मा, तुख्सी, ओगुझ य करतात. ओगुझ शब्दाच्या सुरुवातीचा य गिळतात. प्रवाशाला इतर लोक येल्किन म्हणतात तर हे एल्किन. इतर ‘मी’ला मेन म्हणतात, हे बेन. साडेनऊशे वर्षांपूर्वी कोणी घोड्यावरून उतरून, टोळीटोळीच्या तंबूत बसून, असल्या एकेका अक्षराचं टाचण करत होता, या कल्पनेनेच माझ्यासारख्याचे डोळे भरून येतात.

या महमूदशी माझं एका बाबतीत जमत नाही. त्याच्या मते ज्यांना एकच भाषा येते, जे फारसी लोकांत मिसळत नाहीत आणि शहरांत राहत नाहीत, त्यांची बोली शुद्ध. दोन भाषा बोलणाऱ्या शहरी लोकांची जीभ जड झालेली. हे मत आमच्या छापखान्यात येणाऱ्या किती तरी लेखकांचं होतं. ते मराठीत शुद्धीचा आग्रह धरायचे आणि तसं पत्र आम्हाला इंग्रजीत लिहायचे. महमूदनेही शुद्ध तुर्कीची ही स्तुती अरबीत केली आणि तीही बगदादसारख्या शहरात बसून. शिवाय तुर्क आणि फारसी माणूस यांचं एकमेकांवाचून चालत नाही, डोक्यावाचून टोपीचं चालत नाही तसं, अशा अर्थाची म्हण त्याच्याच कोशात नोंदलेली आहे. नोंदणारा महमूद मत देणाऱ्या महमूदपेक्षा मोठा होता.

या कोशाची जगात एकच हस्तलिखित प्रत उरली. 1266 साली सावा गावच्या एका नकलनविसाने ती उतरवली. त्याला तुर्की बेताचीच येत असावी, असं अभ्यासक म्हणतात. काही अक्षरांवर नंतर कोणीतरी पुन्हा हात फिरवलेला दिसतो. मग साडेसहाशे वर्षं ती कुठे कुठे पडून होती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती बायेझीतच्या त्या बाजारात विकायला आली. अली एमिरी नावाचे पुस्तकवेडे गृहस्थ तिथे रोज चक्कर मारत. पुस्तकवाल्याने तीस लिरा सांगितले. एमिरींच्या खिशात निम्मे. ते पैसे आणायला निघाले, पण मधल्या वेळात दुसरं गिऱ्हाईक येईल या धास्तीने त्यांनी पुस्तकवाल्याला दुकानात कोंडून बाहेरून कडी घातली, असं सांगतात. वाटेत ओळखीचा माणूस भेटला, त्याच्याकडून पैसे घेतले आणि पुस्तक घरी आणलं. वर तीन लिरा दुकानदाराला खुशीचे. कडीची हकिगत खरी असेल वा नसेल, मला ती खरीच हवी आहे.

पानं सुटी आणि उलटसुलट झालेली होती. पानांवर क्रमांक नव्हते. किलिसचे रिफत नावाचे पंडित होते, त्यांनी मजकुराचा धागा धरत ती लावली आणि मग कोश छापला गेला. मला वाटतं, तुर्की लोक एकमेकांपासून कसे फुटले हे शोधणाऱ्यांचं काम नेमकं हेच आहे. विस्कटलेली पानं, क्रमांक नाहीत, आणि कुठलं पान कुठल्या आधी, हे पानावरच्या अक्षरांनाच विचारायचं.

सर्वांत जुनी पानं दगडाची. मंगोलियात ऑर्खोन नदीच्या खोऱ्यात खोशो त्सायदाम नावाच्या उघड्या माळावर दोन शिळा उभ्या होत्या. एक राजपुत्र क्युल तिगिनची, 732 सालची, दुसरी त्याचा थोरला भाऊ बिल्गे खागान याची, 735 ची. आता त्या जवळच्या संग्रहालयात आहेत. मी फक्त छायाचित्रं पाहिली, पण ती भिंगाखाली पाहिली. कोरलेली अक्षरं उभ्या-तिरप्या रेघांची, कुऱ्हाडीने काठीवर खुणा कराव्यात तशी. वाचायची उजवीकडून डावीकडे, आणि शब्द तोडायला आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं. 1889 मध्ये यादरिन्त्सेव नावाच्या रशियन संशोधकाने या शिळांची खबर जगाला दिली. 1893 च्या डिसेंबरात कोपनहेगनच्या विल्हेल्म थॉमसनने लिपी फोडली. सुरुवातीला त्याच्या हाती लागलेल्या शब्दांत ‘तेंग्री’, म्हणजे आकाश आणि देव दोन्ही, आणि ‘तुर्क’ हे होते.

क्युल तिगिनच्या शिळेवर मजकूर लिहिणाऱ्याचं नाव आहे, योल्लुग तिगिन. वीस दिवस बसून आपण हे सगळं लिहिलं, असं तो सांगतो. हा आमच्या जातीचा माणूस. फरक इतकाच, की दगडाला प्रूफ नसतं. पहिलंच छापील.

या शिळेवर एक जागा अशी आहे की तिथे मी पुन्हा पुन्हा जातो. एका लढाईच्या वर्णनात तुर्क लोकांचा ‘अदाक’ डगमगला असं म्हटलंय; पाय लटपटले, आता वाईट होणार होतं. म्हणजे खोक्यावर थाप मारून मला पाय ठेवायला सांगणाऱ्या म्हाताऱ्याचाच शब्द, जवळपास बाराशे नव्वद वर्षं आधीचा, द घट्ट धरून उभा.

दुसरी जागा क्युल तिगिनच्या मृत्यूची. मेंढ्याच्या वर्षी, सतराव्या दिवशी, तो ‘उडाला’. मेला असं लिहिलेलं नाही. आपल्याकडे प्राणपाखरू उडतं, त्यांच्याकडे राजपुत्रच. आणि हा ‘सतरा’ कसा लिहिलाय पाहा: येती येगिर्मी, शब्दशः सात वीस. म्हणजे विसाच्या घरातला सातवा. एकवीस म्हणायचं तर बीर ओतुझ, एक तीस. तिसाच्या घरात पहिलं पाऊल. मागे किती आलो हे हे लोक बोलत नाहीत, पुढचा मुक्काम कुठला ते आधी सांगतात आणि त्या वाटेवर किती चाललो ते जोडतात. आपण एकोणतीस म्हणताना असंच तिसाकडे बघतो, पण आपल्याला ते दशकाच्या शेवटच्या पायरीवर सुचतं. यांना पहिल्याच पायरीपासून. गंमत अशी, की त्याच शिळेवर क्युल तिगिनचं वय मात्र ‘चाळीस आणि वर सात’ असं नव्या रीतीने दिलंय. दोन्ही रीती एकाच दगडावर नांदतात. पुढे जवळपास सगळ्यांनी जुनी रीत टाकली. चीनच्या गान्सू प्रांतात पिवळे उइघुर म्हणवणारे काही हजार लोक आहेत. 840 साली किरगीझांनी उइघुरांचं राज्य मोडलं तेव्हा दक्षिणेला पळालेल्यांचे ते वंशज. त्यांच्या बोलीत अकरा ते एकोणतीस ही जुनी मोजणी विसाव्या शतकापर्यंत टिकली. बाकीचं बरंच हरवलं, पण मोजायची लकब राहिली.

आता चुवाश. माझी खरी ओढ त्यांच्याकडे आहे.

व्होल्गाच्या मधल्या वळणावर त्यांचा प्रदेश, राजधानी चेबोक्सारी, त्यांच्या भाषेत शुपाश्कार. धर्माने बहुतेक ख्रिस्ती. पलीकडे सव्वाशे किलोमीटरवर काझान, तातारांचं शहर, मुसलमान. पुण्याहून साताऱ्याला जावं त्याहून जरा जास्त अंतर. दोन्ही भाषा तुर्की कुळातल्या. तरी तातार माणसाला इस्तंबूलच्या रस्त्यावर बरंच काही उमगतं आणि शेजारचा चुवाश बोलायला लागला की काही उमगत नाही.

एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर चुवाश अंकांचं ध्वनिमुद्रण लावलं. कोणी बाई सावकाश मोजत होती. पेर, इक्के, विश्शे, तवत्त, पिल्लेक, उल्त्त, शिच्चे, सक्कर, तख्खर, वुन्न. इस्तंबूलची मोजणी मला तोवर पाठ होती: बीर, इकी, उच, दोर्त, बेश, आल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ, ओन. दोन्ही शेजारी मांडल्या आणि लाल पेन उचललं. आठ आणि नऊ. सेकिझ, सक्कर. दोकुझ, तख्खर. शेवटच्या झ च्या जागी र. दोनदा आहे, तेव्हा योगायोग असेलही. मग शब्दकोशातून आणखी शोधले. मुलगी: किझ, चुवाशमध्ये खेर. बैल: ओक्युझ, चुवाशमध्ये वकर. पुन्हा र, पुन्हा र. आणि पाचाच्या अंकात बेश-पिल्लेक, तिथे श च्या जागी ल. हिवाळा: किश, चुवाशमध्ये खेल. दगड: ताश, चुवाशमध्ये चुल.

एखाद्या पानावर झ ऐवजी र पडला तर ती छापायची चूक. सगळ्या पुस्तकभर, त्याच त्या जागी, एकदाही न चुकता पडत राहिला तर लाल पेनाने गप्प बसावं. हे मी घरात शिकलो. आई वऱ्हाडची; तिच्या तोंडी डोळा डोया होता, पिवळा पिवया. वडील पुणेरी, लग्नानंतर पहिली काही वर्षं ते तिला दुरुस्त करत, पुढे थकले. तिचा ळ कधी चुकून तोंडात आल्याचं मला आठवत नाही. जिथे जिथे यायचा तिथे तिथे य. इतकी शिस्त चुकीला नसते.

चुवाशांची ही शिस्त फार जुनी आहे. ख्रिस्तशकाच्या आगेमागे केव्हातरी, पूर्वेकडच्या गवताळ माळावर, या भाषेचे पूर्वज बाकीच्या घरापासून वेगळे झाले. बाकी सारे, सायबेरियापासून भूमध्य समुद्रापर्यंतचे, एका घरात. हे एकटे दुसऱ्या. मुळात र होता आणि इतरांनी झ केला, की झ होता आणि यांनी र केला, यावर पंडितांत शंभर वर्षं वाद आहे. आपण त्यात पडायला नको. फूट मात्र टोळ्यांच्या नावांतसुद्धा दिसते. ऑर्खोनच्या शिळेवर ‘तोकुझ ओगुझ’ आहेत, नऊ ओगुझ. आणि त्याच्याही अडीचशेहून अधिक वर्षं आधी, 463 च्या सुमारास, कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ज्यांचे वकील पोहोचले त्यांत होते ओनोगुर, म्हणजे दहा ओगुर. ओगुझ आणि ओगुर हे एकाच शब्दाचे दोन उच्चार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पश्चिमेकडे जे आधी आले ते र घेऊन आले.

त्यांचं काय झालं? त्यांच्यातल्या बुल्गारांची एक शाखा 681 च्या सुमारास डॅन्यूबकाठी गेली, राज्य उभारलं, आणि दोन-तीन शतकांत आजूबाजूच्या स्लाव लोकांत विरघळून गेली. देशाला बल्गेरिया हे नाव राहिलं, भाषा स्लाव झाली. जुन्या भाषेची आठवण म्हणून राजांची एक यादी आहे. तिच्यात प्राण्यांच्या नावांची वर्षं येतात, त्यांतलं बैलाचं वर्ष ‘शेगोर’, शेवटी र. दुसरी शाखा व्होल्गाकाठी गेली. अरब प्रवासी इब्न फदलान 922 मध्ये त्यांच्या राजाच्या छावणीत होता. तेराव्या-चौदाव्या शतकांतले त्यांचे कबरीवरचे दगड सापडतात; लिपी अरबी, पण मृत्यूचं साल लिहिताना सातशेच्या अंकात इतर तुर्कांचा ‘युझ’ येत नाही, ‘ज्युर’ येतो. शेवटी र. चुवाशांचं या बुल्गारांशी नातं दाखवायला हे दगड फार उपयोगी पडले. निकोलाय अश्मारिन या विद्वानाने ते नातं मांडलं आणि चुवाश भाषेचा सतरा खंडांचा कोश केला. 1928 ते 1950 इतकी वर्षं तो छापला जात होता. शेवटचे खंड निघाले तेव्हा अश्मारिन हयात नव्हते. त्या सतरा खंडांची मुद्रितं कोणी तपासली असतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेलाच.

आणि एक गाय-बैलांची साक्ष. हंगेरीचे लोक मुळीच तुर्की कुळातले नाहीत. पण डॅन्यूबकाठी येण्याआधी ते माळावर या र-वाल्यांच्या शेजारी राहिले आणि गोठ्यातले शब्द उसने घेऊन गेले. हंगेरियनमध्ये बैल आजही ओकोर. वासरू बोर्यू, तुर्कीत ते बुझाउ, चुवाशमध्ये परू. जुळ्यांना इकेर, तुर्कीत इकिझ. शेजाऱ्याने उसनं नेलेलं भांडं त्याच्याकडे हजार वर्षं राहावं, आणि त्यावर नाव आपलं असावं, तसं.

माझ्या डोक्यातला एक साधा हिशेब इथे मोडला. आपण म्हणतो, दर बारा कोसांवर भाषा बदलते. नांगरटीच्या देशात ते खरं आहे; गावाची शीव हीच जिभेची शीव. माळावर घोडा बारा कोस दुपारच्या आत टाकतो. आज इथे तळ, पुढल्या ऋतूत तिथे. आज या खागानाच्या सैन्यात, उद्या त्याला हरवणाऱ्याच्या. सून आणायची ती दुसऱ्या टोळीतून. असे लोक हजार कोसांवर पसरले तरी बोलणं घासून घासून सारखं होत राहतं. म्हणून अंतरावर जाऊ नये. साखा लोक बघा. बैकाल सरोवराच्या बाजूने ते लेना नदीच्या काठाने उत्तरेला सरकले, जिथे हिवाळ्यात पारा उणे पन्नासच्या खाली जातो, तिथे घोडे आणि गुरं पाळून राहिले. याकुत्स्क ते इस्तंबूल सरळ रेघेत साडेसहा हजार किलोमीटर. चेबोक्सारी ते इस्तंबूल जेमतेम दोन हजारांवर थोडं. तरी साखा मोजतात ते ऐका: बीर, इक्की, उस, तुओर्त, बिएस, आल्ता, सेत्ते, आघिस, तोघुस, उओन. सुरुवातीचा स गळाला, म्हणून सेकिझचा आघिस झाला आणि पाणी, जे इतरांचं सू, ते नुसतंच ऊ राहिलं. बर्फात शब्दसुद्धा आखडले म्हणायचे. झ चा स झाला. पण तो झ होता हे कळतं. दगड त्यांच्याकडे तास, थोडा लांबवून; ताशचा सख्खा भाऊ. साडेसहा हजार किलोमीटरांवरचा हा भाऊ उशिरा घराबाहेर पडला. चुवाश दोन हजारांवर, पण निघाला फार आधी, तेही माळ सोडून जंगलाकडे, मारी लोकांच्या शेजाराला, आणि इतरांच्या रोजच्या ये-जा करण्यातून सुटला. भाषेच्या बाबतीत कोण किती लांब गेला हे कोणी विचारत नाही. केव्हा निघालास, आणि मग कोणाशेजारी बसलास, एवढंच विचारतात.

झाडाची उपमा इथे फार चालते, एक बुंधा, फांद्या. मला ती पुरत नाही, कारण फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत. तुर्क मिसळले. 1040 मध्ये दंदानकानच्या लढाईत ओगुझांपैकी सेल्जुकांनी गझनीच्या सैन्याला हरवलं, 1071 मध्ये मलाझगिर्तला बायझंटाइन बादशहाला, आणि ‘बेन’ म्हणणारे लोक अनातोलियात उतरले. महमूद बगदादेत कोश लिहायला बसला तो याच्या पुढच्याच वर्षी. तेराव्या शतकात मंगोलांच्या फौजांनी उरलेल्या टोळ्या पुन्हा ढवळून काढल्या. किपचाक कुठे, कर्लुक कुठे, पानं पुन्हा विस्कटली.

त्यातलं एक पान आपल्या अंगणात येऊन पडलं. वर खलज लोकांचा हदाक आला. त्यातला सुरुवातीचा ह इतर सगळ्या तुर्कांनी कधीच गमावला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेरहार्ट ड्योर्फर या जर्मन विद्वानाने इराणातल्या त्या खेड्यांची बोली बारकाईने नोंदली आणि ही तुर्कीची अगदी वेगळी, जुनी वळणं राखलेली शाखा आहे असं मांडलं. या खलज नावाचे लोक मध्ययुगात अफगाणिस्तानातही होते. शतकानुशतकं तिथे राहून ते इतके तिथले झाले, की त्यांच्यातला जलालुद्दीन दिल्लीच्या गादीवर आला तेव्हा दरबारातले तुर्क अमीर त्याला तुर्क मानायला तयार नव्हते. हे साल 1290, ज्ञानेश्वरी पुरी झाली तेच. सहा वर्षांनी त्याचा पुतण्या अल्लाउद्दीन देवगिरीवर आला. खलजचा आपण खिलजी केला आणि शाळेत पाठ केला. पाय म्हणायला त्या अल्लाउद्दीनच्या तोंडी कुठला शब्द होता, कोण सांगणार. पण त्याच्या आडनावातला पहिला पाय ऑर्खोनकडच्या माळावर पडला असावा.

शब्दही आले, फारसीच्या पालखीत बसून. सैन्याला मदत पाठवली की आपण कुमक म्हणतो. ती तुर्कीतली कोमेक, मदत. दोन गटांत चकमक उडते, तो मूळचा आग पाडायचा गारगोटीचा चाकमाक. महमूदच्या कोशात तो आहे. तोफ ही त्यांची तोप. उर्दू हा तर ऑर्खोनच्या शिळेवरचाच शब्द, ओर्दू, खानाची छावणी. क्युल तिगिनने ती शत्रूच्या हाती पडू दिली नाही, असं शिळा सांगते. रोजच्या वर्तमानपत्रात चकमक आणि कुमक एका वाक्यात येतात आणि मी त्यावरून पेन फिरवून पुढे जात आलो. हल्ली थांबतो.

ऑर्खोनच्या खागानांनी आपल्या शिळांना चिरंतन दगड म्हटलं होतं, बेंगू ताश. तो ‘ताश’ इस्तंबूलच्या म्हाताऱ्याला कळेल. कझाकाला, साख्याला कळेल. चुवाश माणसाला नुसत्या कानाने कळणार नाही. तो चुल म्हणतो. त्याचं घर ही शिळा कोरली जाण्याच्याही कित्येक शतकं आधी वेगळं झालं होतं. मला मात्र चुल ऐकलं की तीन दगडांची आमची जुनी चूल डोळ्यांपुढे येते, आणि दोन्हींचा काडीचा संबंध नाही हे माहीत असून मी ते वहीत लिहून ठेवलंय. इतकी मोकळीक मुद्रितशोधकालाही असावी.

चुवाश बोलणारे आता काही लाख उरलेत आणि दर जनगणनेत आकडा उतरतो. शहरातली मुलं रशियन बोलतात. तुमच्याकडे रात्रीची पाच मिनिटं असतील तर चुवाशमध्ये एक ते दहा मोजणारं एखादं ध्वनिमुद्रण शोधा, दिवा मालवा आणि ऐका. सात झाले की कान द्या. सक्कर. तख्खर.